भाऊबीजेचं लायसन

११ जून १९८६

खतवाल्यानं जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कोरी पडली होती. आजपासून लिहिणार. जे काम अंगावर घेतलंय त्यात कागद फार आहेत, आणि कागदाचं काम तारखांवर चालतं. उद्या कोणी म्हणालं की चारुदत्त उकिडव्यानं वेळेत केलं नाही, तर पान उघडून तोंडावर मारता आलं पाहिजे.

आज लीलाचं पत्र आलं. आमची एकुलती एक मुलगी, स्कॉटलंडात असते. जावईबापू समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर इंजिनिअर. पंधरा दिवस समुद्रात, पंधरा दिवस घरी. घर माळावर, शेजारी दीड मैलावर आणि इस्पितळ अडतीस मैलांवर. नोव्हेंबरच्या मध्याला लीलाचे दिवस भरतात. गेल्या वर्षीचं आम्ही कोणी विसरलेलो नाही. बर्फामुळे इस्पितळाची गाडी दोन तास उशिरा आली आणि बाळ हाती लागलं नाही. आता तिथल्या डॉक्टरांनी ताकीद दिलीय, शेवटचे पंधरा-वीस दिवस स्वतः गाडी चालवायची नाही आणि एकटीनं राहायचं नाही. जावयाची गाडी कंपनीची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. म्हणून आम्ही दोघांनी तिकडे जायचं आणि भाड्यानं गाडी घ्यायची. ड्रायव्हर मिळत नाही, नुसती गाडी मिळते.

सोबत गाडीवाल्यांच्या अटी आल्यात. लायसन चालू हवं आणि निदान एक वर्ष जुनं हवं. लायसनवरचं नाव आणि पासपोर्टावरचं नाव एकच हवं. शिवाय आपल्या देशातून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणायचा. एक वर्ष म्हणे! माझं लायसन १९५४ सालचं आहे, मेल्यांनो. बत्तीस वर्षांत कोंबडी मारली नाही.

लीला लिहिते, 'तुमच्यापैकी कोणीतरी चालवणारं हवं.' तुमच्यापैकी म्हणजे काय? घरात चालवणारा एकच. तिकडे राहून पोरीचं मराठी बिघडलं. ही पत्र वाचून दाखवत होती ती नेमकी त्या ओळीवर थांबली, डोळ्याला पदर लावला आणि मग पुढे वाचलं. (ही म्हणजे माझी बायको. अठ्ठावीस वर्षं 'ही'च म्हणत आलो, डायरीत वेगळं कशाला?)

ठरलं. ऑक्टोबरअखेर तिकडे पोचायचं. गाडी मी चालवणार.

१५ जून

सरावाला सुरुवात केली. बागेतून पावस रस्त्यानं बाजारपेठ आणि परत. जीप जुनी, पण माझा हात ओळखते. भागोजी शेजारी बसला होता. भागोजी आमच्या बागेचा राखणदार, वीस वर्षं माझ्याकडे आहे. हल्ली त्याला बडबडीची खोड लागलीय. "मालक, म्होरं म्हस हाय." "मालक, वायच डावीकडं घ्या, मानूस हाय." शेवटी मी खेकसलो, "अरे मेल्या, मला डोळे आहेत!" तर म्हणतो, "हायत की. पन बोललेलं बरं."

फाटकातून आत घेताना मडगार्ड बागेच्या दगडी गडग्याला घासलं. पावसानं गडग्याचे चिरे बाहेर सरकलेत. भागोजीला दाखवलं, तर शिंचा म्हणाला, "गडगा हाय तितंच हाय." गवंड्याला बोलावलं पाहिजे.

२७ जून

पासपोर्टाचे फॉर्म भरले. माझा पंधरा मिनिटांत झाला. हिच्यावर तास गेला, कारण ही प्रत्येक रकान्याला अडते. 'पूर्वीचे नाव असल्यास' असा एक रकाना होता. ही म्हणाली, "इथे माहेरचं लिहायला हवं ना?" मी म्हटलं, "माहेरचं नाव ते काय नाव? ते तांदळात गेलं." लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं त्यावर 'सुमेधा' असं मीच लिहिलं होतं. त्याआधीचं नाव कोण विचारतो? रकान्यात ठळक 'नाही' लिहिलं आणि हिची सही घेतली. असले रकाने भरले की हापिसातले लोक शंका काढत बसतात. मला अनुभव आहे.

सही करताना ही जरा थांबली होती. पेन झटकलं आणि केली.

९ जुलै

पेपरची छपाई पार बिघडलीय. अक्षरं पुसट, ओळी एकमेकींवर चढलेल्या. संपादकाला पत्र लिहायचं मनात आहे. हिला हल्ली पेपर मोठ्यानं वाचायची हौस आलीय, म्हणून चाललंय. नगरपालिकेनं दिव्यांचंही काहीतरी नवीन केलंय, प्रत्येक दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखं गोल दिसतं. पैसे खायचे असले की असली अवलक्षणं सुचतात.

दुपारी पडवीत सुपारी कातरताना ही मध्येच म्हणाली, "घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवायची ना? नुसत्या ब्रेकवर सोडली तर तापतो ना तो?" मला हसू आलं. म्हटलं, "तुला काय करायचंय? तू घावनं उलटतेस तेवढं पुरे." सुपारी मात्र फार बारीक झाली.

१९ जुलै

गेल्या आठवड्यात मुंबईच्या मोटार असोसिएशनचं उत्तर आलं. आंतरराष्ट्रीय परवाना ते देतील. त्यासाठी लायसन, पासपोर्ट, फोटो आणि डोळे ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला पाठवायचा.

ही लगेच म्हणाली, "मग आधी दाखल्याचं बघा." आठ दिवस झाले, रोज तेच टुमणं. पाऊस आहे, डॉक्टरांकडे गर्दी असते, रविवार आहे, मी कारणं देतोय. डायरी खाजगी आहे म्हणून लिहितो. मला डॉक्टरकडे जायची भीती वाटते. चष्म्याचा नंबर वाढला असेल, दुसरं काही नाही. पण वाटते खरी.

त्यावर तोड काढलीय. बाजारात चष्म्याच्या दुकानात भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे. आज फ्रेम बघायच्या मिषानं तिथे अर्धा तास उभा राहिलो. जवळ जाऊन वरच्या सहा ओळी पाठ केल्या. लहानपणी संस्कृतची अख्खी रूपावली पाठ होती, सहा ओळींचं काय कौतुक! ही विचारत होती की अंघोळ करताना इंग्रजी अक्षरं कसली पुटपुटता.

२४ जुलै

डॉक्टरांचा तक्ता मराठी निघाला.

त्यांनी "वाचा" म्हटल्यावर मी दणक्यात इंग्रजी सुरू केलं. चार अक्षरं होईपर्यंत ते ऐकत होते. मग म्हणाले, "उकिडवे, समोर 'क' आहे." धरणी दुभंगावी असं झालं. मग त्यांनी अंधाऱ्या खोलीत नेऊन बॅटरी मारून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी म्हटलं, काढून टाका, आहे काय त्यात. तर म्हणाले, अजून पिकला नाही, फेब्रुवारीशिवाय हात लावता येणार नाही. जन्म आंब्यात गेला माझा. कच्च्या फळाला हात लावू नये हे मीच दहा जणांना सांगितलं असेल. आज तेच मला ऐकावं लागलं. दाखला दिला नाहीच, वर म्हणाले, "जीपही चालवू नका."

हिला सांगितलं, डॉक्टर गावाला गेलेत.

दुसरा डॉक्टर बघू. चिपळूणला ओळखीचा एक आहे, डोळ्यांचा नाही, पण शिक्का आहे त्याच्याकडे. लीलाला शब्द दिलाय मी. मोडणार नाही.

३१ जुलै

आज लिहिवत नाही. तरी लिहितो.

सकाळी दहाला जीप काढली. भागोजी नेहमीसारखा शेजारी, तंबाखू मळत होता, म्हणून बोलत नव्हता. वळणावर तो एकदम किंचाळला आणि हात घालून त्यानं हँडब्रेक ओढला. जीप तिरकी होऊन थांबली. बॉनेटवर गवताचा भारा पडला होता. भाऱ्याखाली बाई होती, ती कडेच्या चरात बसली होती. ती हौसा होती, भागोजीची बायको.

लागलं नाही. कोपर खरचटलं, एवढंच. भागोजीनं जीपची किल्ली काढून कनवटीला लावली. हौसा उठली, लुगडं झटकलं आणि उलट मलाच समजावू लागली. "मालक, डोईवर हिरवा भारा, लुगडंबी हिरवं. तुमास झाडच वाटलं असंल."

झाड नाही वाटलं. मला तिथे काहीच दिसलं नव्हतं. मोकळा रस्ता दिसत होता.

१ ऑगस्ट

सगळं हिला सांगितलं. मोतीबिंदू, तक्ता, चिपळूणचा शिक्का, हौसा, सगळं. सांगताना रडलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी पोरासारखा रडलो. म्हटलं, लीलाला काय तोंड दाखवू? गेल्या वर्षी ती एकटी बर्फात बसून होती, यंदाही तसंच होणार आणि ते माझ्यामुळे.

हिनं ऐकून घेतलं. मग उठून आत गेली, आपली ट्रंक उघडली आणि तळाशी ठेवलेल्या शालूच्या घडीतून एक पुडकं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. मी म्हटलं, मला वाचता येत नाही, तूच सांग. तेव्हा हिनं वाचलं. गाडी चालवण्याचं लायसन. कुमारी गोदावरी केशव दांडेकर, दापोली. पहिल्यांदा दिलं मार्च १९५७. मुदत ऑक्टोबर १९८८ पर्यंत.

गोदावरी म्हणजे ही. लग्नाआधीची.

हिच्या वडिलांची दापोलीला बाग होती आणि लष्कराच्या लिलावातली जीप होती. आप्पा, म्हणजे हिचा भाऊ, तेव्हा लहान. म्हणून वडिलांनी हिला शिकवली होती. आंब्याच्या पेट्या दाभोळ बंदरावर ही पोचवायची. हे मला ठाऊक होतं. मला वाटलं ते तिथेच संपलं. संपलं नव्हतं. दर तीन वर्षांनी दिवाळीला माहेरी गेली की आप्पा फॉर्म तयार ठेवायचा, ही जुन्या नावानं सही करायची, आणि भाऊबीजेला ओवाळलं की आप्पा नवं करून आणलेलं लायसन पाकिटात घालून ताटात टाकायचा. दहा वेळा! मी समोर पाटावर बसून शंकरपाळे खात असायचो. पाकिटात अकरा रुपये असतील असं धरून चाललो होतो. तिकडे असेपर्यंत आप्पाची गाडीही हीच चालवायची, मी सकाळी पत्ते कुटत असायचो तेव्हा. लीलानं लहानपणापासून पाहिलंय. भाचरांना माहीत, गड्यांना माहीत. मला सोडून अख्ख्या दापोलीला माहीत.

मी खूप ओरडलो. "अठ्ठावीस वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलंस?" ही म्हणाली, "लपवलं कुठे? तुम्ही विचारलंत का कधी?"

७ ऑगस्ट

सहा दिवस बोललो नाही. राग जात नव्हता. आज गेला, कसा ते लिहितो.

लग्नाला महिना झाला होता. ही सकाळी जीप घेऊन बाजारात गेली आणि भाजी घेऊन आली. चौकातले चार टवाळ मला म्हणाले, काय चारुदत्तराव, नवा ड्रायव्हर छान आहे. मी घरी आलो. पडवीत माणसं बसलेली, आई होती, दोन गडी होते. सगळ्यांसमोर म्हटलं, "उद्यापासून जीपची किल्ली मागायची नाही." ही "बरं" म्हणाली. परत कधीही मागितली नाही. लीलाला गोवर आला तेव्हा मी बाहेरगावी होतो. तापलेली पोर खांद्यावर घेऊन ही दोन मैल चालत दवाखान्यात गेली. जीप दारात उभी होती, किल्ली खुंटीला होती. मी परत आल्यावर म्हटलं होतं, अगो, कोणाला तरी बोलवायचंस की.

हे मला इतकी वर्षं आठवलं नव्हतं. आज आठवलं आणि जेवण गेलं नाही.

दुपारी भागोजीकडून किल्ली परत आणवली आणि हिच्यापुढे केली. म्हटलं, "चल, बघू." हिनं पदर खोचला, आरसा आपल्या उंचीला लावला आणि गाडी काढली. गडगा जिथल्या तिथेच आहे. मडगार्ड आणि चिरे यांत हातभर जागा ठेवून ही बाहेर पडली. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये घेतली, ब्रेकला पाय नाही. माझ्यापेक्षा बरी चालवते. कबूल करायला जड जातंय, पण डायरीत खोटं लिहिणार नाही.

मागे बसलेला भागोजी तोंडातून अक्षर काढत नव्हता. मी म्हटलं, "काय रे, आज बडबड बंद?" तर म्हणाला, "आज गरज नाय."

१८ ऑगस्ट

पासपोर्ट आले. माझा चारुदत्त गणेश उकिडवे, हिचा सुमेधा चारुदत्त उकिडवे. आणि लायसन कुमारी गोदावरी दांडेकरचं. अटींत तर लिहिलंय, दोन्हीकडे नाव एकच हवं.

आर.टी.ओ.च्या कचेरीत गेलो. कारकून भला माणूस आहे, पण डोक्यानं सरळ. तो म्हणाला, "ह्या बाई कोण आणि त्या बाई कोण?" मी म्हटलं, दोघी ह्याच, समोर बसल्यात. तो म्हणाला, "मग सोपं करा. बाईंची परीक्षा घेतो, ह्या नावानं नवं लायसन देतो." मी खूश झालो होतो. हिनंच अटींचा कागद पुढे केला. "नवं चालणार नाही. एक वर्ष जुनं लागतं. तोपर्यंत माझा नातू चालायला लागेल." हिच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली, पण कचेरी होती.

तेव्हा एकच मार्ग. जुन्याच लायसनवर नाव बदलून घ्यायचं, म्हणजे १९५७ साल तसंच राहतं. त्यासाठी पुरावा हवा की ही आणि ती एकच. लग्नाचा दाखला? आमच्या वेळी नोंदवतो कोण? लग्नपत्रिका आहे, पण त्यात फक्त चि. सौ. कां. गोदावरी. सुमेधा झाली ती त्यानंतर, तांदळात. भटजी वारले. पासपोर्टाच्या अर्जाची नक्कल घरी होती, ती कारकुनानं बघितली. 'पूर्वीचे नाव असल्यास' पुढे ठळक अक्षरात 'नाही'.

"हे कोणी लिहिलं?" त्यानं विचारलं.

ही अटींच्या कागदाची घडी घालू लागली. हिनं माझ्याकडे बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, "मी लिहिलं. गाढवपणा केला."

तो म्हणाला, मग ते मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर लिहून द्या.

२२ ऑगस्ट

कोर्टाबाहेर झाडाखाली टंकलेखक बसतो, त्याच्याकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं. आप्पा साक्षीला दापोलीहून पहाटेच्या एस.टी.नं आला. माझ्याकडे बघून हसत होता, चोरटा! मी म्हटलं, हस, हस, दहा भाऊबिजांचा हिशेब आहे तुझा.

टंकलेखकाचा मजकूर ठरलेला असतो. 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, गोदावरी केशव दांडेकर व सुमेधा चारुदत्त उकिडवे या दोन नसून एकच व्यक्ती आहेत. पासपोर्टाच्या अर्जात पूर्वीचे नाव नाही असे मी लिहिले ते चुकीचे होते.' त्यानं कागद काढायला घेतला. मी म्हटलं, थांब, अजून एक ओळ आहे. 'सुमेधा हे नाव लग्नात मी ठेवले. ठेवताना तिला विचारले नव्हते.'

तो म्हणाला, "साहेब, ह्या ओळीची कायद्याला गरज नाही."

"कायद्याला नसेल. तू टाइप कर."

सही करताना रेघ दिसत नव्हती. हिनं बोट धरून जागा दाखवली.

घरी येताना जीप चालवता चालवता ही म्हणाली, "ती शेवटची ओळ कशाला घातलीत? चारचौघांत वाचलं त्यांनी." मी म्हटलं, "किल्लीचंही चारचौघांतच बोललो होतो." चढ आला, हिनं गिअर बदलला. मग मी विचारलं, "आता विचारतो. तुला कुठलं नाव हवं?" ही म्हणाली, "लायसनवर सुमेधा करा. पासपोर्टाशी जुळायला हवं. आधी लीलाचं बघायचं."

"आणि लायसनशिवाय?"

"ते मग बघू," ही म्हणाली आणि हॉर्न वाजवला. समोर म्हैस होती म्हणे.

१६ सप्टेंबर

लायसनवर नाव बदलून मिळालं. पहिल्यांदा दिल्याची तारीख तीच, मार्च १९५७. डॉक्टरांचा दाखलाही झाला. तक्त्याची शेवटची ओळ हिनं घडाघडा वाचली. डॉक्टर म्हणाले, "हे पाठ केलेलं नाही ना?" आणि माझ्याकडे बघून मोठ्यानं हसले. मी हसलो नाही.

प्रतिज्ञापत्राची एक प्रत पासपोर्ट हापिसातही धाडली. आता कोणी शंका काढून दाखवावी.

९ ऑक्टोबर

मुंबईहून परवाना आला. राखाडी रंगाचं पुस्तक, आत हिचा फोटो. ही देवापुढे ठेवायला गेली. मी म्हटलं, देवाचं झालं की मला दे. डोळ्याशी धरून, उन्हात नेऊन बघितला. फोटो मला फक्त काळापांढरा डाग दिसला. तरी बराच वेळ बघितला.

भागोजी आणि हौसा भेटायला आली होती. हौसानं लीलासाठी गोधडी शिवून आणलीय. तिच्या कोपराची खूण अजून दिसते, असं ही म्हणाली.

२८ ऑक्टोबर, स्कॉटलंड

पोचलो. लीला बरी आहे, पोट खूप पुढे आलंय, आईच्या गळ्यात पडून रडली.

आज गाडी आणली. काउंटरवरच्या पोरानं परवाना, लायसन, पासपोर्ट तिन्ही नावं बोट ठेवून ताडून पाहिली. जुळली. मग त्यानं किल्ली उचलली आणि माझ्यापुढे धरली. पुरुष दिसला की ह्यांचाही हात तिकडेच वळतो. मी म्हटलं, माझी नाही, त्यांची. गाडी लाल रंगाची आहे असं सांगतात.

१२ नोव्हेंबर

जावईबापू काल समुद्रावर गेले. ही रोज सकाळी इस्पितळापर्यंत जाऊन येते. रस्ता पाठ करतेय. मला म्हणते, पाठ करायचंच तर असलं काहीतरी करावं. टोमणा आहे, पण मान्य आहे.

बर्फ पडायला लागलंय.

१५ नोव्हेंबर, इस्पितळ

पहाटे पाचला लीलाला कळा सुरू झाल्या. फोन केला, तर इस्पितळाची गाडी दुसऱ्या गावी अडकलेली. पुन्हा तेच! ही म्हणाली, "तुम्ही तिचा हात धरून मागे बसा," आणि काचेवरचं बर्फ खरवडायला बाहेर गेली.

अडतीस मैल. सगळं पांढरं. मला तर रोजच असं दिसतं, पण लीला म्हणाली, बाबा, आज कोणालाच दिसत नाहीये. ही दुसऱ्या गिअरमध्ये, गाईला पाणवठ्यावर न्यावं तशी सावकाश चालवत होती. मध्ये कुठेतरी समोरून मोठा उजेड अंगावर आला, ट्रक होता. मी मागून ओरडलो, "गोदा, डावीकडे!"

गाडी डावीकडे आधीच गेली होती. ट्रक निघून गेला. लीला कळांमध्येसुद्धा माझ्याकडे बघत राहिली.

ही वळली नाही. म्हणाली, "दिसतंय मला. गप्प बसा." आणि थोड्या वेळानं, "नाव घेऊन ओरडलात तरी दचकायला होतं."

पावणेसातला पोचलो. नऊ वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. साडेसहा पौंड. रडण्याचा आवाज दारातून आला तेव्हा आम्ही दोघंही उभे होतो, कोणी आधी बसलं आठवत नाही. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं, वेळेत आणलंत. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, मी नाही, माझ्या बायकोनं आणलं. त्यांनी तिचं नाव विचारलं. मी दोन्ही सांगितली.

आता दुपार झालीय. लीला झोपलीय, बाळ झोपलंय. ही खुर्चीत बसल्या बसल्या पेंगतेय, किल्ली मुठीत घट्ट. चहाचा थर्मास गाडीतच राहिला. मी उठलो आणि किल्ली मागितली. हिनं डोळे न उघडता विचारलं, "कशाला हवीय?"

थर्मास काढायचाय, चालवणार नाही, म्हणून सांगितलं. मग दिली.

मागताना बरं वाटलं नाही. तेही लिहून ठेवतो.